भिशीची पहिली चिठ्ठी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले प्लँट मॅनेजर सन्माननीय देवरे साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले एचआरचे निकम साहेब, आजच्या सत्कारमूर्ती वत्सलाबाई गायधनी, त्यांच्या शेजारी शाल-नारळ सांभाळून बसलेले त्यांचे यजमान, आणि समोर जमलेल्या असेंब्ली लाइनच्या माझ्या सगळ्या मावश्या, ताया, मित्रहो, आणि जेवणाचा वास येत असतानाही शहाण्यासारखी बसलेली आपली लेकरं,

मी योगेश गावित. टाइम ऑफिसला असतो. तुमची हजेरी आणि रजेचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात, तेव्हा टाळ्या वाजवताना जरा विचार करून वाजवा.

वत्सलाबाईंनी मला सकाळीच बजावलंय, "योगेश, दोन शब्द बोल, पण दोनच बोल. लोकं उपाशी हायेत." मावशी, चोवीस वर्षं तुम्ही या कंपनीत सगळ्यांना गप्प बसवलंत. आज शेवटचा दिवस आहे, आज मी नाही ऐकणार.

कंपनीतला त्यांचा अनुभव, त्यांची शिस्त, एकही स्विच रिजेक्ट न जाण्याचा त्यांचा विक्रम, हे सगळं साहेब माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती आठ वर्षांपूर्वीची आहे आणि तिचा शेवट मला गेल्या मंगळवारी कळला.

आठ वर्षांपूर्वी मी इथं स्टोअरमध्ये हेल्पर होतो. माझी पत्नी मंजुळा तापाचं निमित्त होऊन गेली. आमची सृष्टी तेव्हा सव्वा वर्षाची होती. पंधरा दिवस रजा झाली, मग बिनपगारी झाली. कामटवाड्यात एक चांगलं पाळणाघर होतं, पण तिथं तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागत होते. एवढे पैसे मी आणणार कुठून? कंपनीचा पाळणाघर भत्ता होता, नाही असं नाही. पण परिपत्रकात लिहिलेलं होतं, 'महिला कर्मचाऱ्यांकरिता'. मी अर्ज केला, तो परत आला. त्यात कुणाचा दोष नव्हता. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असा बाप आला नसेल.

मग एकच वाट उरली. पोरीला सुरगाण्याला माझ्या आईकडं ठेवायचं. माझी आई नवसाबाई. जीव लावणारी बाई, पण भात निघाला की ती स्वतः गावातल्या लोकांबरोबर जीपमध्ये बसून खाली द्राक्षाच्या कामाला येते, चार-चार महिने. म्हणजे माझी लेक कुठल्या तरी मळ्यात, वेलाखाली लुगड्याच्या झोळीत असणार आणि मी महिन्यातून एकदा तिला बघणार. ती मला ओळखेल का, एवढाच प्रश्न मला रात्रंदिवस छळायचा. तिची आई गेली ती गेलीच, आता बापही जाणार होता.

चैतालीताई, बाळ रडतंय म्हणून बाहेर जाऊ नका हो! रडू द्या त्याला. पाळणाघराचाच विषय चाललाय, त्याचाही बोलायचा हक्क आहे. पुढच्या सोमवारपासून तुम्ही कामावर येताय ना? या, या. भत्ता तुमच्यासारख्या ठेकेदाराकडच्या माणसांना अजून लागू नाही, हे मी आपलं सहज बोललो. निकम साहेब, तुम्ही माझ्याकडं असं बघू नका.

तर लाइनवरच्या बायकांनी माझ्यासाठी वर्गणी काढायचं ठरवलं. मला कुणकुण लागली आणि मी सरळ सांगितलं, मला कुणाचं फुकटचं नको. तेव्हा माझी मान फार ताठ होती. दुःखात माणूस तिरसट होतो, तसा झालो होतो. वत्सलाबाई म्हणाल्या, "बरं बाबा, नको घेऊस. आमच्या भिशीत तरी येशील का? हजार रुपये भरायचे, नंबर लागला की घ्यायचे. त्यात कुणाचं उपकार नाय." मी म्हटलं, येतो. चौदा बायका आणि मी एकटा बाप्या. स्टोअरमधली पोरं मला 'भिशीवाल्या वहिनी' म्हणायला लागली.

आमच्या भिशीची पद्धत तुम्हाला माहीत आहे. पगाराच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनमध्ये. प्रत्येकानं आपल्या हातानं आपलं नाव लिहायचं, घडी करायची, स्टीलच्या डब्यात टाकायची. आणि चिठ्ठी काढायची लहान लेकरानं, म्हणजे कुणाला शंका नको.

पगार झाला त्या शनिवारी मी कामावर नव्हतोच. सृष्टी कडेवर, खांद्याला तिच्या कपड्यांची पिशवी. रजेचा अर्ज गेटवर देऊन पेठ रोडवरून सुरगाण्याची जीप पकडायची होती. वत्सलाबाई गेटवर उभ्या. "चाललास? आधी आत ये. आज चिठ्ठी काढायला लेकरू नाय कुणाचं." मी म्हटलं, मावशी, जीप चुकेल. त्या म्हणाल्या, "जीपवाला गाडी भरल्याबिगर हलत नाय, मला नको सांगू. पाच मिनिटं लागतील."

मी आत गेलो. माझी चिठ्ठी लिहिली आणि डब्यात टाकली. सृष्टीनं डब्यात हात घातला, एक चिठ्ठी उचलली आणि थेट तोंडात! अर्धी चघळून झाल्यावर वत्सलाबाईंनी बोट घालून बाहेर काढली. लाळेनं भिजलेली ती चिठ्ठी उघडली आणि मोठ्यानं वाचली, "योगेश!"

काय टाळ्या पडल्या! मला वाटलं, मंजुळानंच वरून काहीतरी केलं. खरंच वाटलं. पंधरा हजार रुपये माझ्या हातात ठेवले आणि वत्सलाबाई म्हणाल्या, "आता ती पिशवी घेऊन सरळ पाळणाघर गाठ. सोमवारी कामावर ये." मी विचारलं, आणि हे पैसे संपल्यावर? तर म्हणाल्या, "ते मी बघते."

आणि त्यांनी बघितलं. सात महिने त्या दर पंधरवड्याला एचआरच्या दारात. तेव्हाचे साहेब वैतागले, म्हणाले, बाई, तुमची मुलं मोठी झाली, तुम्हाला कशाला हवाय भत्ता? त्यावर या काय म्हणाल्या? "साहेब, लेकरू रडतं तवा ते बघतं का, उचलणारी बाई हाय का बाप्या?" सात महिन्यांनी परिपत्रक बदललं. 'महिला कर्मचारी' खोडून 'पालक कर्मचारी' आलं आणि निम्मी फी कंपनी द्यायला लागली. आज आपल्याकडं एकवीस बाप तो भत्ता घेतात. त्यांच्यापैकी किती जणांना माहीत असेल, की हे कुणी केलं?

आता गेल्या मंगळवारचं सांगतो. निवृत्त होणाऱ्या माणसाचा लॉकर रिकामा करून घेणं हे माझं काम. वत्सलाबाईंचा लॉकर उघडला. एक जुना स्वेटर, चष्म्याचं घर आणि तळाशी मिश्रीची पत्र्याची डबी. मी विचारलं, ही काय करू? त्या घाईनं म्हणाल्या, "फेकून दे ती. गंजलीय." मी फेकायला गेलो, तर आत काहीतरी सळसळलं.

उघडून बघतो तर चिठ्ठ्या. चौदा. पहिली उघडली. योगेश. दुसरी उघडली. योगेश. चौदाच्या चौदा उघडल्या, सगळ्यांवर माझं नाव.

पहिल्यांदा मला वाटलं, वत्सलाबाईंनी लबाडी केली, सगळ्या चिठ्ठ्या एकटीनंच लिहिल्या. पण मी टाइम ऑफिसचा माणूस. या बायकांची अक्षरं रोज बघतो. एक चिठ्ठी माझ्याच हातची होती. बाकीच्या तेरा, तेरा वेगवेगळ्या हातांच्या होत्या. गोजराबाई, तुमची मी लगेच ओळखली. एवढी मोठी अक्षरं कंपनीत दुसऱ्या कुणाची नाहीत. त्या महिन्यात तुमच्या सुनेचं बाळंतपण होतं. पहिल्या नंबराची गरज तुम्हाला होती, हे मला तेव्हा माहीत होतं, म्हणून मी तुमच्यापुढं ओशाळलो होतो. आणि तुम्ही स्वतःच्या हातानं माझं नाव लिहिलं होतं. आठ वर्षं एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. या बायकांच्या पोटात साधी भाजीची पाककृती राहत नाही हो!

मग मी शोधायला लागलो, वत्सलाबाईंची चिठ्ठी कुठली. त्यांचं अक्षर कशावरच नव्हतं. दोनदा सगळ्या पाहिल्या. मग लक्षात आलं. पंधरा चिठ्ठ्यांतली एक माझ्या लेकीनं चघळली होती. तीच त्यांची होती.

मावशी, मान वर करा. सृष्टी तिसऱ्या रांगेत बसलीय, चौथीत आहे, आणि रोज संध्याकाळी मी दिसलो की दप्तर माझ्या अंगावर टाकते. माझी लेक मला ओळखते. याच्यापलीकडं मला काही सांगता येणार नाही.

एक सूचना देऊन थांबतो. आज सात तारीख, पगाराचा दिवस आहे. जेवणानंतर नव्या भिशीची पहिली चिठ्ठी निघणार आहे, चैतालीताईही यंदा तिच्यात आहेत. माझी मी घरूनच लिहून आणलीय. ज्याचं कुणाचं नाव निघेल, त्यानं पैसे घ्यावेत आणि सरळ घरी जावं. उरलेल्या चिठ्ठ्या उघडून बघायच्या नाहीत. मी आठ वर्षांनी बघितल्या, तुम्हीही तेवढा धीर धरा.

साहेबांनी मला बोलू दिलं, कॅन्टीनच्या लोकांनी जेवण गरम ठेवलं, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, साहेबांपुढं काही वावगं बोललं गेलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि मावशी, तुमची डबी मी फेकलेली नाही. तेवढी एक आज्ञा मोडली, माफ करा.