बायकोच्या दाताचं मॅचिंग

फुशारकी मारायचीच तर परक्या पेशंटपुढे मारावी, बायकोपुढे नाही. साडीच्या फॉलसाठी तिनं इथला, सौदीतल्या दम्मामचा अख्खा बाजार पालथा घातला, तेव्हा मी म्हणालो, "रंग कसा जुळवतात, ते माझ्या क्लिनिकमध्ये येऊन बघ." ती आली आणि तिनं पुढच्या दाताचं फिलिंग करून घेतलं. सुकलेला दात पांढरा दिसतो, म्हणून शेड आधी जुळवायची, हे मीच ज्युनियरांना शिकवतो. पण बढाईच्या नादात मी दात आधी सुकवला आणि मग शेड जुळवली. संध्याकाळपर्यंत दात ओला होऊन पुन्हा पिवळसर झाला, फिलिंग मात्र पांढरंशुभ्रच राहिलं.

शुक्रवारी साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, दाताला भाताचं शीत चिकटलंय, काढ ते."

"निघत नाही गं आई," बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "तुझ्या जावयांनी बसवलंय."