कोरा रकाना

जलम माहा लाखनीजवळचा, हायवेच्या अगदी काठावर. माय सांगे, तू जन्मला तवा रडलाच नाही, बाहेर ट्रकनं हॉर्न वाजवला आन् तू त्याले जवाब दिला. खोटं वाटते बाबू? लिहून घ्या. डोळे बांधा माहे, नुसत्या आवाजावरून सांगतो गाडीत तांदूळ हाये का लोखंड, आन् डायवरचं लगन झालं का नाही तेही सांगतो. म्हणून तं रस्ता रुंद करायच्या आधी सर्वेवाल्या मॅडमनं चौकात मलेच बसवलं. म्हणे, काका, जे जाईन त्याची एक रेघ मारा, ट्रकचा रकाना हा, मोटारीचा हा, आन् शेवटचा पायी ओलांडणाऱ्यायचा. मी म्हटलं, ह्या रेघोट्यायनं काय होते मॅडम? म्हणे, ज्याची रेघ नाही, त्याच्यासाठी रस्ता नाही काका. मी हासलो.

ट्रक असे मोजले, असे मोजले का पापणी लवू देली नाही. पण पायी जाणारे कोण? आमचंच गाव. घरं ह्या बाजूनं, धानाची शेतं, आमच्या बांध्या, त्या बाजूनं. आन् काय सांगू तुमाले, आमच्याकडे घरची माणसं मोजत नाही, पंगतीतही नाही. मोजलं का एक कमी होते. सुमन, माही बायको, दिवसातून चारदा समोरून जाये आन् टोमणा मारे, मोजा साहेब, लोकायच्या गाड्या मोजा. तिची रेघ कशी मारू? रकाना कोरा ठेवला. मनात म्हटलं, गाव वाचवलं बापा.

कागद गेला वर. वरच्यानं कोरा रकाना पाह्यला, गावात येऊन विचारते कायले? इथं माणूस ओलांडतच नाही, ठरलं. रस्ता असा झाला का विमान उतरवा, मधात छातीइतकी भिंत. खालून जायचा बोगदा पुढच्या गावाले भेटला. तिथून वळसा घालून बांधीत पोचेपर्यंत धान पिकून जाते, मंग सारे भिंतच चढत. रोवण्याच्या दिवसात सुमन डोक्यावर रोपांची पेंढी घेऊन चढली, उतरली तं ट्रकपुढेच. मी आंगणातून ब्रेक आयकला. साऱ्या गाड्यायचे आवाज वळखणारा मी, त्या आवाजावरून मले काहीच सांगता आलं नाही.

जीव वाचला, पाय गेला. काहून मोजलं नाही मले, तिनं एकदाच विचारलं. मी म्हटलं, नजर लागू नये म्हणून. तं म्हणे, नाही लागली ना मंग?

परवा पुन्हा सर्वेवाले आले, भिंतीतून वाट द्यायची का ते पाह्याले. ह्यावेळी मी न बोलावता बसलो, नाव घेऊ घेऊ एकेकाची रेघ मारली. सुमन कुबड्या टेकत आली. म्हणे, माही मारा. मी म्हटलं, तू कुठं ओलांडते आता? म्हणे, ओलांडीन, तुमी आधी मारा तं खरी.

मारली. डोळे तिच्या कुबड्यायवर होते, वाकडी आली. तुमी लिहूनच राहिले तं एवढं लिहा बाबू, देव करो आन् त्या वाकड्या रेघेले कोणाची नजर न लागो.