बार्तोल छपरावर आहे

— सोडू नका हो दोर! एका हाताने नको, दोन्ही हातांनी धरा, कमरेला एक वेढा घ्या — हां, असा. त्या टोकाला माणूस आहे, बकरी नाही. बार्तोल. माझा शेजारी. सत्तरी ओलांडलीय त्याने, आणि चढलाय बघा कसा! तुम्हीच ओरडा जरा, उतर म्हणावं — माझं नाही ऐकायचा तो. माझ्याशी बोलतच नाही ना. हसताय काय? खरंच बोलत नाही. तुम्ही ओसियेक शहरातून ताडपत्र्या घेऊन आलेले, तुम्हाला काय ठाऊक — त्या अक्रोडावरून झालं सगळं. झाड त्याच्या हद्दीत, फांद्या माझ्या छपरावर. माझा नवरा म्हणाला तोड, हा म्हणाला आजोबांनी लावलंय, नाही तोडत. झालं! नवरा गेला, अबोला राहिला. मयताला आला होता, पण फाटकाबाहेरच उभा, टोपी हातात. आणि परवाच्या वादळात तेच झाड कुठे पडावं? माझ्याच आढ्यावर!

तेव्हापासून हा इथेच. झाड कापलं, वासे ठोकले, कौलं आणली — कुठून? स्वतःच्या अर्ध्या छपरावरची काढून! तशी आज अख्खी आळीच एकमेकांच्या छपरांवर आहे, पाद्रीबाबासुद्धा हातगाडीवरून कौलं पोचवताहेत, पण स्वतःचं छप्पर सोलून कुणी देतं का? — अहो, ते बघा, द्रावा नदीकडे आभाळ कसं काळं झालंय. वारा फिरला. बार्तोल, पुरे! — ऐकतोय का बघा. ठोकतोयच. — अगं आई! घसरला, घसरला — धरा! — धरलंत. बसलाय धुराड्याला टेकून.

त्या दिवशी स्वयंपाकघरात अडकले होते मी, मांडीवर वासा, तोंडात माती. ओरडले. काय म्हणून? वाचवा म्हणून, दुसरं काय ओरडणार माणूस — नाही. खोटं कशाला बोलू. ‘बार्तो’ म्हणून ओरडले. बार्तोलसुद्धा नाही. लहानपणी नदीवर पोहायला जायचो तेव्हा म्हणायचे तसं. देवाचं नाव नाही आलं तोंडात, नवऱ्याचं नाही — हे कशाला सांगतेय मी तुम्हाला? दोराकडे बघा तुम्ही. तर हा धावत आला. वासा उचलला, मला ओढून काढलं, आणि तेवढ्यात तिकडे त्याच्या गोठ्याची भिंत पडली — लुत्सावर, त्याच्या बायकोवर. गाई सोडत होती बिचारी. खुबा मोडलाय. तुमच्या ओसियेकलाच आहे इस्पितळात. आणि हा तिला बघायला जात नाही, इथे खिळे ठोकतोय. जाईल तरी कोणत्या तोंडाने? ती विचारेल, तू होतास कुठे? काय सांगेल? यान्याने हाक मारली, म्हणून गेलो?

फोन — त्याचा वाजतोय, कुंपणावरच्या कोटात. नको, तुम्ही दोर धरा, मी घेते. — हॅलो? — लुत्सा! — मी, यान्या. हो, वरच आहे तो. — लुत्सा, माझ्यामुळे गं — काय? — तू? — अगं रडत नाहीये मी, वारा आहे.

ऐका हो. म्हणते, हाक तिलाच आधी ऐकू आली. हा गाईंपाशी होता, ऐकलं तरी जागचा हलेना, तेव्हा तिनेच ढकललं त्याला. ‘जा, यान्या ओरडतेय, गाईंचं मी बघते.’ म्हणते, ‘बार्तो’ म्हणून कोण हाक मारायचं ते मला ठाऊक नाही होय? आता उतरव त्याला, माझं लोकरीचं जाकीट देऊन पाठव इकडे. आणि छप्पर गळलं तर माझ्या पलंगावर नीज म्हणते. माझ्या पलंगावर!

बार्तो! ए बार्तो! उतर खाली! लुत्सा बोलावतेय! — ऐकलं. उठला. सैल सोडा दोर, हळू — अजून — डावा पाय खाली, बार्तो, डावा! — टेकला.

द्या तो दोर इकडे. पुढच्या घरी वाट बघत असतील तुमची, पाऊस येईल आता. — अहो, जा की! काय बघताय? तो काहीतरी बोलायला लागलाय माझ्याशी.