शुभ, लाभ अन् ढिली तार

...अन् थो जब्बार मिस्त्री मले म्हनते, "शेठ, निशानी कायले पाह्यजे? कोन्ता गेर पडला हे पाय सांगते." पाय सांगते म्हने! तुमाले सांगतो, माह्या पायानं आजवर मले एकच गोष्ट सांगतली, का बाप्पा, आता खाली बस. तेवढंच येते त्याले. अन् अशा पायाच्या भरोशावर मी तीन गेरची सायकल चालवू? मी, पदमचंद कापडवाला, ज्याच्या दुकानात चिठ्ठी लावल्याबिगर एक थान फळीवर चढत नाही? माह्या सख्ख्या काकानं भाव इचारला तरी मी आंधी चिठ्ठी पाह्यतो, मंग काकाकडं पाह्यतो. लिहेल हाय तं हाय, नाही तं नाही. मंग गेरले निशानी पाह्यजे का नाही, तुमीच सांगा.

आता सायकल कशी आली ते बी ऐका, नाही तं तुमी म्हनसान आमच्या इंझोरीसारख्या खेड्यातल्या मान्साले गेर कायले. अकोल्याले एक नहराचा, म्हंजे कालव्याचा, साहेब होता, थो गेला विलायतेले परत, त्याच्या सामानात ही निंघाली. काळी कुळकुळीत. दांडीवर एक खटका, खटक्याले तीन जागा. चढावर हलका गेर, सपाटीले मधातला, अन् उताराले जबर. खटक्याखाली पितळी पट्टी अन् पट्टीवर इंग्रजीत तीन अक्षरं होती म्हने. होती. साहेबाच्या अंगठ्यानं घासू घासू पार गुळगुळीत करून टाकली. आता साहेबाले ठाव होतं कोन्ती जागा कायची, पन साहेब बोटीत बसून गेला ना, मी त्याले कुठं इचारत बसू?

म्हून मी कारंज्याले जब्बारकडं गेलो. जब्बार म्हंजे सासऱ्याच्या गल्लीतला सायकलवाला, हात सोन्याचा, तोंड मात्र... जाऊ द्या. म्हटलं, जब्बारभाई, या पट्टीवर मले एक, दोन, तीन कोरून द्या. त्यानं पाना खाली ठेवला, बिडी काढली, अन् असं पाह्यलं माह्याकडं जसं मी त्याले चंद्रावर खिळा ठोकाले सांगतलं. "शेठ," म्हने, "बैल चढावर लागला का मान खाली घालते. त्याच्या मानीवर पट्टी हाय काय? सायकल जड झाली तं समजा जबर गेर पडला. हलकी झाली तं हलका. लिखने की क्या बात है?" म्हटलं, बैलाचं जाऊ द्या, मी मानूस हाय. तं म्हने, "थेच तं."

तुमीच सांगा, हे काय उत्तर झालं?

मंग मी मनात म्हटलं, तू नको लिहू, मी लिहितो. दुकानाच्या चौकटीले दिवाळीत शेंदरी रंग लावला होता, डब्यात बोटभर उरला होता. आता एक, दोन, तीन लिहाव म्हटलं तं बरं नाही वाटलं. नवीन वाहन, सुरुवात आकड्यानं काय कराची? चांगलं काही लिहाव. म्हून मी वर लिहिलं शुभ, मधात श्री, अन् खाली लाभ. हलका गेर शुभ, मधातला श्री, जबर गेर लाभ. झकास दिसून राह्यलं होतं हो! माही घरवाली जतन म्हने, "सायकल हाय का चोपडी?" म्हटलं तुले काय समजते. तं चार दिवसांनी तीच म्हने, "तुमी लाभात गेले का मले घाम येते पाहूनच."

आता खरी गोष्ट. लगीन होऊन सहा महिने झाले होते अन् सासरहून पयलं बोलावणं आलं जेवाचं. जतन आठ दिवस आंधीच माहेरी गेली होती. कारंज्याचे मांगीलालजी, माहे सासरे, कापसाचे वेपारी, धर्माचे पक्के. तुमाले ठाव हाय आमा जैन लोकांचं, दिवस बुडला का तोंडात दाना नाही. अन् त्याहीच्या घरी तं पान्याचा घोट बी नाही. अन् वरून रीत अशी, का जवाई जेवाले येनार असला तं जवाई पाटावर बसल्याबिगर घरातलं कोनी ताटाले हात लावत नाही. घरात माणसं किती? मले धरून अकरा. महिना पौषाचा. पौषातला दिवस म्हंजे आला का गेला. अन् सासूबाई सूरजबाईनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं, का आमचे जवाईसा तीन गेरच्या सायकलवर येऊन राह्यले. म्हंजे मी उशिरा गेलो तं अकरा माणसं उपाशी, अन् अख्खी गल्ली पाह्याले उभी.

म्हून मी दुपार कलल्याबरोबर निंघालो. धोतर कडक, कोट, टोपी. दहा मैल ते काय. सपाटी होती, खटका मधात टाकला, खाली वाकून पाह्यलं, श्री. ठीक. जराशानं चढ आला, खटका वर टाकला, वाकून पाह्यलं, शुभ. ठीक. आता वाकाव लागतेच ना! लिहिलं कायले, पाह्याले लिहिलं. पन दांडीवरची पट्टी पाह्याची म्हंजे मान खाली घालाव लागते, अन् मान खाली घातली का सडक दिसत नाही, हे मले कोनी सांगतलं नव्हतं. पयल्या डावाले मी एका म्हशीले लागता लागता वाचलो. दुसऱ्या डावाले मैलाच्या दगडावर गेलो. तिसऱ्या डावाले एका बाईनं डोक्यावरचा भारा खाली टाकला अन् मले असं काही बोलली, का ते मी इथं सांगत नाही.

बरं, पाय तिकडून सांगून राह्यला होता, का खालून काहीतरी कटकट करून राह्यलं. खरं सांगतो, चार-पाच दिवसापासून सांगून राह्यला होता. पन मी वाकून पाह्यलं तं पट्टीवर साफ लिहेल, शुभ. मंग मी पायाचं कायले ऐकू? पाय काय शिकेल हाय?

अन् मंग आली ती टेकडी. मी खटका वर टाकला. कट् झालं. अन् पायडल एकदम हलकं. इतकं हलकं, का मले वाटलं साहेबानं काय सायकल ठेवली होती बाप्पा, चढ हाय का लोनी! मी पाय मारतो, मारतो, भरभर मारतो, वाकून पाह्यलं, शुभ. वर पाह्यलं तं थेच बाभळीचं झाड. पुन्हा मारतो. पुन्हा पाह्यलं. थेच झाड. अन् मंग सायकल हळूच मांगं सरकाले लागली.

मांगून एक मानूस म्हने, "शेठ, कोनाले पाह्याले आले?"

कापसाची गाडी होती, कारंज्याच्या बाजाराले चालली होती, अन् वरती आमच्या गावचा मदनसिंग बसला होता, माह्या पट्टीची गोष्ट त्याले बी ठाव होती. म्हटलं, मदनसिंग, चाक फिरत नाही. तो म्हने, "पट्टीवर काय लिहेल हाय?" म्हटलं, शुभ. तो म्हने, "मंग होऊन जाऊ द्या." अन् बैलाले चुचकारलं. म्हटलं, आरे थांब, दिवस बुडाच्या आंधी मले पोचाव लागते, अकरा माणसं उपाशी राह्यतीन! तवा कुठं त्यानं माही सायकल गठ्ठ्यावर फेकली अन् तिच्यावर मले. मी दर दहा हातावर म्हनत होतो, हान ना जरा, हान ना. तं तो म्हने, "शेठ, माह्या बैलाले एकच गेर हाय. पन तो कोन्ता हाय ते त्याले पक्कं ठाव हाय." आता हे मले लागलं. पन करतो काय, मी त्याच्या कापसावर बसेल होतो.

गल्लीत शिरलो तं गच्चीवर अख्खं घर उभं. अर्धे जन सडकेकडं पाह्यते, अर्धे सूर्याकडं. जतन एका डोयानं इकडं, एका डोयानं तिकडं. मी गाडीवरून उडी मारली, सायकल खांद्यावर घेतली अन् पयत सुटलो. तुमाले सांगतो, डोक्यात कापूस, खांद्यावर तीन गेर, अन् मी पायी पयतो. पायरीवर पाय ठेवला अन् वरून मांगीलालजीचा आवाज आला, शांत, एकदम शांत. "पधारो जवाईसा. दिवस आत्ताच गेला."

आतून तुपाचा वास येत होता. दाल, बाटी, चुरमा, सगळं झाकून ठेवलं. अकरा माणसं, एकामेकाच्या तोंडाकडं पाह्यत, तुपाच्या वासात, उपाशी झोपली. मले लाज वाटली हो. खरंच वाटली. जतननं मले एवढंच इचारलं, "शुभात होते का लाभात?"

सकाळी उन्हं वर आल्यावर त्या बाट्या खाल्ल्या. दगड झाल्या होत्या, तुपात बुडवू बुडवू चावल्या. मंग सासऱ्यानं जब्बारले बोलावलं. त्यानं मांगच्या चाकाजवळचा एवढासा पेच आर्धा फिरवला अन् उठला. "शेठ, खटक्यापासून चाकाले जाते ती तार ढिली होती. खटका एका जागेवर, चाक भलत्याच जागेवर, दोन गेरच्या मधात लटकेल. पट्टी खटक्याचं सांगते, चाकाचं नाही सांगत. पायानं सांगतलं नाही?" मी त्याले म्हटलं, सांगतलं. आता खोटं कायले बोलू. पन मी म्हनतो, निशानी खोटी निंघाली म्हून काय निशानी नाही पाह्यजे? चिठ्ठी चुकली तं चिठ्ठ्या बंद करते काय कोनी? तुमीच सांगा.

मांगीलालजीनं मात्र मले बाजूले घेतलं अन् म्हने, "जवाईसा, पुन्हा जरूर या. पन पायी या."

मंग काय, जातो पायी. दहा मैल. पन सासूबाईनं गल्लीत सांगून ठेवलं ना, तीन गेरवाले जवाई, म्हून सायकल संगं न्याव लागते, हातात धरून. सकाळीच निंघतो, गल्लीच्या तोंडाशी पोचलो का धोतर झटकतो, टोपी नीट करतो, अन् सायकलवर बसतो. तिथून सासऱ्याचं दार वीस हात. तेवढ्याले, तुमाले सांगतो, कोन्ताबी गेर चालते.