धुतलेली वाळू

तिथे नका उभे राहू – जरा इकडे या, खुर्चीच्या मागे. टाकीच्या काचेवर सावली पडली की तो त्या दगडाखाली शिरतो, आणि शिरला की तासभर बाहेर येत नाही. तीन दिवस हेच चाललंय. तुमचं शोभेच्या माशांचं दुकान, तुम्हाला मी काय शिकवणार म्हणा – पण या तीन दिवसांत मी या माशाकडे जेवढं बघितलंय ना, तेवढं चाळीस वर्षांत बायकोकडे बघितलं नसेल. बसा. डबा ठेवा खाली. औषध आहे का त्यात? बरं, मग दाखवा. लगेच आलात ते बरं केलंत – मी फोन ठेवला आणि दहा मिनिटांत बेल वाजली, मला वाटलं कुरियरवालाच. निघालाच होतात? इकडेच यायला? असो, असो. सव्वापाच झालेत. सहाला फोन येईल. सहाच्या आत याने एकदा, फक्त एकदा वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळली पाहिजे.

कोणाचा म्हणजे – हिचा फोन, बायकोचा. दवाखान्यात आहे ना ती, तीन आठवडे झाले. पोटाचं ऑपरेशन होतं, ते नीट पार पडलं, पण खाण्यावरचं मनच उडालं तिचं. ताट समोर आलं की तोंड फिरवते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मेव्हणी असते तिच्याजवळ, तिने सगळे उपाय केले – लाडीगोडी, रागावणं, रडणंसुद्धा. आणि एक दिवस ही फोनवर मला विचारते, अहो, आपला गोबी मासा खातोय का? मी म्हटलं, खातोय की, गालफडं भरून वाळू घेतोय आणि कल्ल्यांतून सोडतोय, टाकीभर धुरळा. हसली ती. त्या संध्याकाळी तिने अर्धी वाटी सूप घेतलं. मग तसं ठरूनच गेलं आमचं. रोज सहाला ती विचारणार, मी खातोय म्हणणार, की ती चार घास घेणार. नळी टळली ती यामुळे. आणि काल म्हणते कशी – उद्या मला दाखवा, व्हिडिओवर, वाळू गाळताना. म्हणून तर तुम्हाला फोन केला.

भूक लागली असेल हो त्याला, बघा ना पोट कसं खपाटीला गेलंय. मी टाकतो खायला – सकाळ, दुपार, संध्याकाळ. वरून टाकतो, तर हा वर बघतच नाही. मी ड्रॉपरने तोंडाशी नेलं, तर असा पळाला की झाकणावर आपटला. मान खाली घालून वाळूचा एक घास घेतो, थुंकतो, आणि जाऊन बसतो. बेचव लागल्यासारखा. तुमच्या दुकानात तर खात होता ना? मी बघूनच घेतला होता.

काय बघताय? वाळू ना? नजरेत भरते, नाही का. ती मीच – हे बघा, चाळीस वर्षं लाँड्री चालवली मी. लोकांच्या शर्टावरचे शाईचे, तेलाचे, लिपस्टिकचे डाग काढले, कोणाला एका शब्दाने काही न विचारता. ही दवाखान्यात गेली आणि टाकीतली वाळू बघितली – काळपट, हिरवट, त्यात काहीतरी वळवळतंय. माझे हात शिवशिवायला लागले. म्हटलं, घरी येईल तेव्हा कसं लख्ख दिसलं पाहिजे. जुनी सगळी उपसून फेकली. नवी आणली, बादलीत घातली, सात पाण्यांनी धुतली. सातव्या पाण्यात माझा चेहरा दिसत होता. फोनवर सांगितलं तिला हौसेनं. तिने विचारलं, सगळीच? मग म्हणाली, बरं केलंत, दमला असाल.

हो. आता कळतंय. त्या वळवळणाऱ्या गोष्टींवरच तर जगतो हा, तेच गाळून खातो. मी त्याचं भरलेलं ताट धुऊन पालथं घातलं. पण तेव्हा कुठे कळलं होतं? तो आपला वाळू घेतोय, सोडतोय, मी खुशीत, म्हटलं जेवतोय. बारा दिवस रिकामी वाळू चावत होता बिचारा. रविवारी सकाळी – म्हणजे – नाही, हा नाही. हा तुमच्याकडचा, सोमवारचा. त्याच्या जोडीला नेतोय म्हणालो होतो ना मी. जोडीला नव्हता. बदली होता.

आता तोंडातून गेलंच आहे तर ऐका. कुंडीत पुरला त्याला, तिच्याच जास्वंदीच्या. आणि त्या रविवारी सहाला तिने विचारलं, खातोय का? मी म्हटलं, खातोय. आवाज हलू दिला नाही. मंगळवारी या नव्याचा फोटोसुद्धा पाठवला. ती म्हणाली, बरा दिसतोय. तुम्ही म्हणाल, किती निगरगट्ट माणूस. पण तिला खरं सांगितलं असतं आणि तिने चमचा खाली ठेवला असता तर? मी तिथे नसतो हो सावरायला. मी जात नाही दवाखान्यात. ऑपरेशननंतर आठवड्याने गेलो होतो – तिने ताट असं हाताने सरकवलं, आणि त्या हातावर नुसती हाडं. मला बघवेना. बाहेर आलो तो परत आत गेलोच नाही. खोकला झालाय म्हणून सांगितलंय, आत सोडत नाहीत म्हणून. रोज फाटकापर्यंत जातो. तिथल्या बाकावर बसून सहाचा फोन घेतो आणि तिला म्हणतो, टाकीसमोरच बसलोय.

साडेपाच. तुमच्याकडे काही औषध असेल तर काढा आता. हे काय? वाळू? ही घाण वाळू कशाला – तुमच्या दुकानातल्या टाकीतली? जुनी? अहो पण मी तर तुम्हाला वाळूचं काहीच बोललो नव्हतो फोनवर. फक्त मासा खात नाही म्हणालो. मग तुम्हाला –

कोणी सांगितलं?

कधी?

मंगळवारी. हिनेच फोन केला, फोटो बघून. हो, जुन्याचा डावा पर तुटका होता. माझ्या लक्षातच नाही आलं. आणि काय म्हणाली? सांगा ना, आहे तसं सांगा. आमच्या ह्यांनी वाळू धुतलीय, मासा नवा आहे, चार वाट्या जुनी वाळू नेऊन घाला. एवढंच? आणखी काय?

ह्यांना बोलू नका म्हणाली.

मंगळवारी. म्हणजे मंगळवारी सहाला विचारलं, खातोय का, तेव्हा ठाऊक होतं. आणि जेवली. बुधवारीही विचारलं, आणि जेवली.

घाला. हळू घाला, त्या कोपऱ्यात, दगडाच्या तोंडाशी. मी दिवा घालवतो. बोलू नका.

बघा. बघितलंत? कल्ल्यांतून. परत घेतली. परत.

नाही, व्हिडिओ नको. ठेवा तो फोन खिशात. पावणेसहा झालेत, चालत गेलं तर दहा मिनिटं लागतात. झाकण तेवढं घट्ट लावा, उडी मारतो तो. आणि उठा आता, मला कुलूप लावायचंय. खोकला बरा झालाय माझा.