तीन म्हणेपर्यंत

फोटोवाला : अगं, बंदूक झाडू धरल्यासारखी काय धरलीस! दस्ता खांद्याला लाव.

मुलगी : लाकडाची तर आहे, बाबा.

फोटोवाला : ते आपल्याला ठाऊक. बघणाऱ्याला नाही.

संघटनेची बाई : काका, गालाला थोडी काजळी लावते. फारच धुतल्यासारखी दिसतेय. डोंगरातनं उतरलेली वाटायला हवी.

फोटोवाला : लावा. डोंगरही मीच रंगवलाय, नवरानवरीच्या फोटोंसाठी. गेल्या वर्षी त्याच्यापुढं तुमच्या पंधरा वाघिणी उभ्या केल्या. एकीनं तरी खरी बंदूक पाहिली होती?

बाई : त्यातल्या एका फोटोनं बायका घराबाहेर पडल्या, काका. काकूंच्या.

फोटोवाला : काकू! उंदीर दिसला की खाटेवर चढायची ती. तुमची पंधरावी आली नाही, म्हणून मी तिला स्वयंपाकघरातनं ओढून आणली. पोस्टर लागलं, आणि आठव्या दिवशी शिपाई तोच कागद घेऊन दारात. चेहऱ्याशी चेहरा जुळवला नि घेऊन गेले. ही लाकडाची बंदूक मी त्यांना नेऊन दाखवली. हसले.

मुलगी : बाबा, पुरे. मी माझ्या मनानं उभी राहतेय.

फोटोवाला : निदान तोंडावर फडकं बांधू दे.

बाई : नको. फडक्यामागं कोण आहे, कुणाला कळणार? लोकांना चेहरा हवा.

फोटोवाला : शिपायांनाही तोच हवा असतो, बाई.

मुलगी : मी नाही म्हटलं तर समोरच्या शिंपिणीची पोर उभी राहील. चौदाची आहे ती. हो म्हणून बसलीय.

बाई : उद्या छापायला द्यायचाय, काका. उरका आता.

फोटोवाला : मग ऐका. दिवे गेलेत. खिडकीच्या उजेडावर काढायचा, म्हणजे मी तीन म्हणेपर्यंत पापणीसुद्धा हलता कामा नये. आणि कॅमेऱ्यात घालायची प्लेट ही एकच उरलीय. बिघडला तर बिघडला, दुसरी कुठून आणू? ...खाली गाडी थांबली का हो? जरा बघता?

बाई : गाडी? थांबा, बघते.

(बाई जिना उतरते.)

फोटोवाला : इकडं बघ. मी दोन म्हटलं की मान फिरव. एकदा इकडं, एकदा तिकडं. बंदूक येईल, डोंगर येईल. तोंड येणार नाही.

मुलगी : त्या भडकतील.

फोटोवाला : भडकू देत. पोर नवखी, हलली म्हणेन. जन्मभर हलू नका, हलू नका म्हणत पोट भरलं. आज एकदा हल.

मुलगी : आईला का नाही सांगितलंत असं?

फोटोवाला : तिला म्हटलं, अजिबात हलू नकोस. ऐकलं तिनं.

बाई : (वर येत) गाडीबिडी काही नाही, काका! रस्ता मोकळा आहे. घ्या फोटो.

फोटोवाला : घेतो. काय गं, तयार?

मुलगी : तयार. दोन तेवढं मोठ्यानं म्हणा, बाबा.