मशिनी चालू असताना

तुम्हाला खोटं वाटंल, पण मी मानवतच्या एका जिनिंगवर सुपरवायझर होतो तेव्हाची गोष्ट आहे. आमचा फिटर रंगनाथमामा एरवी ठार बहिरा, कानाशी ओरडावं लागायचं. पण मशिनी सुरू झाल्या की आमचे कान बंद व्हायचे आणि मामाला हळू बोललेलंसुद्धा कळायचं. डॉक्टर म्हणाले, काहींचे कान असेच असतात.

एका दुपारी त्या गोंगाटात मामा मला कापसाच्या ढिगापाशी ओढत घेऊन आला आणि कानाला तोंड लावून म्हणाला, "आतून बाई बोलायलीय."

मी मशिनी बंद करायला लावल्या. सगळे गुपचूप उभे राहिले. काहीच ऐकू येईना.

मामा म्हणाला, "आता मलाबी येईना. चालू करा."

चालू केल्या. मामानं डोळे मिटले, मग पुन्हा माझ्या कानाला तोंड लावलं. "ती म्हणायलीय, डब्यातली भाकर माझ्या पोरीला द्या."

आम्ही हातांनीच ढीग उपसला. आमच्याकडं कामाला असलेली शांताबाई खाली दबली होती. जीव होता. आधी तिच्या तोंडातला कापसाचा बोळा काढला, मग मशिनी थांबवून पाणी पाजलं.

मी म्हणालो, "बाई, तुमी बोलत राहिल्या म्हणून वाचल्या."

"मी कुठं बोलले सायेब? तोंडात कापूस होता. भाकरीचं निस्तं मनात आलतं."

मामा शेजारीच उभा होता. त्याला यातलं काही ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून मशिनी चालू असल्या, की मी मामापासून लांबच उभा राहायचो.